मदत हवी आहे: बेसमेंटमधला पंप रात्रभर चालू-बंद होतोय

निद्रानाश_पार्ले
मंडळी, तातडीने सांगा. आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमधला पंप नऊ दिवस झाले दर ७-८ मिनिटांनी सुरू होतो, दहा सेकंद चालतो, धाडकन बंद होतो, मग पाइपात गुळगुळ. माझी बेडरूम बरोब्बर त्याच्या डोक्यावर. प्लंबर म्हणतो पंप गेला, नवीन ३८ हजार. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. घ्यावा की नाही, एवढंच हवंय.

चाळकरी
फूट व्हॉल्व्ह बदला. आमच्याकडे सेम झालं होतं, वरच्या टाकीत पाणीच चढेना. आणि टाकी वर्षातून दोनदा धुवा.

निद्रानाश_पार्ले
अहो, टाकीचा नाही! बेसमेंटमधलं पावसाचं पाणी बाहेर फेकणारा.

खडूस_म्हातारा
सोमवारपासून पाऊस कुठाय? तरी चालतोय?

निद्रानाश_पार्ले
हो. म्हणून तर विचारतोय.

खडूस_म्हातारा
खाली संडास आहे का?

निद्रानाश_पार्ले
आहे ना, ड्रायव्हर-वॉचमनसाठी. त्याचा काय संबंध?

खडूस_म्हातारा
हे पहिल्या ओळीत लिहायचं हो! तो पावसाचा पंप नाही, मैल्याचा आहे, इजेक्टर. तुमचा संडास रस्त्यातल्या गटारलाइनच्या खाली. मैला उताराने खाली जाईल, वर कसा चढेल? म्हणून तो आधी खड्ड्यात साठतो. पातळी वाढली की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, उचलला जातो, पंप सुरू होतो आणि सगळं वर, बाहेरच्या चेंबरमध्ये फेकतो. पावसाच्या पंपाचा खड्डा वेगळा असतो. मैल्याच्या खड्ड्याला घट्ट झाकण आणि गच्चीपर्यंत गेलेला व्हेंट पाइप लागतो. खाली वास येतो का?

निद्रानाश_पार्ले
येतो. आम्हाला वाटलं बेसमेंट म्हटल्यावर यायचाच.

मोटारवाला
सरळ कटरवाला पंप घ्या. चिंध्या, पाउच, सगळं चिरून टाकतो. २० वर्षं याच धंद्यात आहे.

खडूस_म्हातारा
धंद्यात आहात तेच दिसतंय. चांगला पंप चालू आहे आणि तुम्ही नवा विकताय. मैल्याचे साधे पंपसुद्धा ५० मिलिमीटरपर्यंतचा घन ऐवज बाहेर टाकतात. दोष एनआरव्हीत वाटतो, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये. पंप थांबला की उभ्या पाइपातलं पाणी तो रोखतो. त्याची झडप नीट बसत नसेल तर तेच पाणी परत खड्ड्यात, फ्लोट वर, पंप चालू. तुमची गुळगुळ तीच.

मोटारवाला
फोटो न बघता निदान? वा. फ्लोट अडकला असेल तर?

खडूस_म्हातारा
अडकला असता तर एकतर चालूच राहिला असता नाहीतर बंदच. हा घड्याळासारखा चालतोय.

ईशान्य_कोपरा
खड्डा कोणत्या दिशेला आहे? ईशान्येला मैला असेल तर घरातल्या कर्त्या माणसाची झोप जातेच.

गिरगावचा_गणपा
२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा आमच्या मामांच्या बेसमेंटमध्ये पंपासकट दोन गाड्या...

खडूस_म्हातारा
गणपा, त्यासाठी वेगळा धागा काढ.

निद्रानाश_पार्ले
प्लंबर म्हणतो, उद्या झाकण काढून पोराला आत उतरवून बघतो. चालेल ना?

खडूस_म्हातारा
अजिबात नाही! आत हायड्रोजन सल्फाइड असतो. जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येत नाही म्हणून माणूस निर्धास्त उतरतो आणि तिथेच पडतो. असं उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पंप साखळीने वर ओढतात. पोराला घरी पाठवा.

आधी हे करा. पंप चालून थांबला की लगेच मेन स्विच बंद करा आणि एनआरव्हीच्या पुढचा गेट व्हॉल्व्ह फिरवा. वीस मिनिटं कोणी संडास वापरू नये. मग स्विच चालू करा. पंप लगेच सुरू झाला नाही तर पाणी पाइपातूनच परत येत होतं, म्हणजे एनआरव्ही गेला. झाला तर ताबडतोब बंद करा, बंद व्हॉल्व्हवर पंप चालवू नका. मग पाणी दुसरीकडून येतंय. फ्लशच्या टाकीत चमचाभर नीळ घाला. अर्ध्या तासाने, फ्लश न करता, भांड्यात निळं दिसलं तर टाकी गळतेय. काहीही निघालं तरी शेवटी गेट व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका.

निद्रानाश_पार्ले
केलं. वॉचमनने व्हॉल्व्ह फिरवला, मी पाइपाला कान लावून बसलो. वीस मिनिटं एक थेंब हलला नाही, स्विच चालू केला तरी पंप गप्प. आज एनआरव्ही खोलला, झडपेत गुटख्याचं पाउच घडी होऊन बसलं होतं. ते काढलं, रबर बदललं, व्हॉल्व्ह उघडला. रात्री पंप दोनदाच वाजला, दोन्ही वेळा संडासच्या फ्लशनंतर. वास मात्र तसाच आहे.

खडूस_म्हातारा
झाकणाचं गास्केट बघा.

मोटारवाला
पाउच कटरने चिरलं असतं, हे लिहून ठेवा.

ईशान्य_कोपरा
दिशा सांगितली नाहीत.