बर्गनमध्ये जहाज नऊ तास थांबणार आहे. शहर स्वतःहून पाहता येईल का?

तापीकाठ (जळगाव):
नमस्कार. येत्या जूनमध्ये आई-वडिलांना घेऊन मी साउथॅम्प्टनहून सुटणाऱ्या नॉर्वेच्या क्रूझवर जात आहे. जहाज बर्गनला सकाळी आठ ते सायंकाळी पाच थांबेल. जहाजाकडून मिळणाऱ्या सहलीचा तिघांचा खर्च ऐकल्यावर, एवढ्या पैशांत केळीच्या बागेतले निम्मे ठिबक बदलून होईल, असे वडील म्हणाले, आणि मला ते खोडून काढता आले नाही. मात्र आईचे गुडघे दुखतात, ती शुद्ध शाकाहारी आहे आणि जहाज आपल्याला सोडून निघून जाईल ही धास्ती तिच्या मनातून जात नाही. कोणी स्वतःहून फिरले असल्यास कृपया अनुभव सांगावा.

यार्डमास्तर (भुसावळ):
आम्ही उभयता दोन वर्षांपूर्वी सहल न घेताच फिरलो. सर्वप्रथम जहाज कोणत्या धक्क्याला लागणार ते विचारून ठेवा. स्कोल्टनला लागले, तर बर्गनहूस किल्ल्याच्या कडेने सपाट रस्त्यावरून पंधरा मिनिटांत ब्रिगेन हा जुना लाकडी घरांचा भाग येतो. दुसरा धक्का मालवाहू बंदरात असून तेथून पायी सोडत नाहीत, बसने गावात आणतात.

उतरल्याबरोबर फ्लोयबानेन ही डोंगरावर चढणारी रेल्वे गाठा. त्या दिवशी आणखी दोन जहाजे आली असतील, तर दहानंतर रांग फार वाढते. ही गाडी 1918 पासून चालू आहे आणि आयुष्यभर यार्डात काढलेल्या माझ्यासारख्याला ती शिखरावरच्या देखाव्यापेक्षाही जास्त आवडली. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे बांधलेले असतात. एक उतरतो तेव्हा त्याच्या वजनाने दुसऱ्याला चढायला मदत होते, त्यामुळे मोटरला फक्त फरकाचाच भार ओढावा लागतो, आणि मार्ग एकेरी असूनही बरोबर मध्यावर दुहेरी रूळ टाकलेले असल्याने दोघे एकमेकांना चुकवून जातात. माझी पत्नी खिडकीतून बंदर पाहत होती, मी दोर पाहत होतो. काही मिनिटांत आपण 320 मीटर उंचीवर पोहोचतो. पायऱ्या चढाव्या लागत नसल्याने आपल्या मातोश्रींना त्रास होणार नाही. पायी उतरण्याचा मोह मात्र टाळावा.

वेळेबाबत एक गोष्ट. जहाजाचे घड्याळ आणि गावातले घड्याळ काही वेळा वेगळे असते, आणि मोबाईल गावाची वेळ धरतो. म्हणून साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा. पाचला जहाज सुटते याचा अर्थ त्याच्या बराच आधी आत असायला हवे. ती वेळ दिवसाच्या पत्रकात छापलेली असते. कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज थांबते, आपल्यासाठी थांबत नाही.

रेवाळकरीण (धुळे):
यार्डमास्तरकाकांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे: ब्रिगेन हे रेल्वेकडे जाताना ओलांडण्याचे ठिकाण नव्हे. चौदाव्या शतकापासून उत्तर जर्मनीच्या हान्सा या व्यापारी संघाची येथे वखार होती; उत्तरेकडून येणारा, मीठ न लावता थंड वाऱ्यात वाळवलेला मासा घ्यायचा आणि त्याबदल्यात धान्य द्यायचे, असा तो व्यवहार होता. समोरून रंगीत दिसणाऱ्या घरांचे छायाचित्र काढून लोक परततात, पण खरी मजा मागच्या फळ्यांच्या अरुंद बोळांत आहे. 1702 च्या आगीत सारे जळाल्यावर ही घरे पुन्हा जुन्याच पद्धतीने उभारली गेली. आगीच्या भीतीने त्यांत चूल पेटवण्यास मनाई होती, आणि स्वयंपाकासाठी व ऊब घेण्यासाठी मागे स्वतंत्र खोल्या होत्या. 1979 पासून हा भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे. फळ्या ओल्या असल्या की निसरड्या होतात, म्हणून आईंना पकड असलेले बूट द्यावेत.

ओल्या असतीलच, असे समजा. आपल्या जळगावला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, बर्गनला त्याच्या तिपटीहून जास्त. वाऱ्यात छत्री उलटते, त्यामुळे टोपीचा रेनकोट हवा. मासळीबाजार बंदराच्या टोकाशीच आहे; आईंना वास सहन होत नसेल तर तेथे रेंगाळू नका. बेकरीत मिळणारा दालचिनीचा गोड पाव ही गावाची खासियत आहे, अंडे आहे का ते विचारूनच घ्यावा. रोख क्रोन बदलून घेण्याची गरज नाही, सर्वत्र कार्ड चालते. आणि हो, ब्रिटनचा व्हिसा नॉर्वेत चालत नाही. युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो.

तापीकाठ (जळगाव):
दोघांचेही मनापासून आभार. शेंगेनचा अर्ज अजून केलेला नव्हता, तो याच आठवड्यात करतो. वडिलांना संगीताची आवड असल्याने नॉर्वेचे संगीतकार ग्रीग यांचे ट्रोल्डहाउगन येथील घरही यात बसेल का?

रेवाळकरीण (धुळे):
बसेल, पण ओढाताण होईल. ट्रामने होप या थांब्यापर्यंत जाता येते; तेथून पुढे वीस-पंचवीस मिनिटे चालावे लागते, काही ठिकाणी चढाने. गुडघ्यांचा विचार करता तेवढ्या एका टप्प्यासाठी टॅक्सी करावी, नाहीतर वडील आणि तुम्ही जाऊन या आणि आईंना दुपारी जहाजावर सोडा. मी तेथे गेले तेव्हा घराइतकीच पाण्याकाठची त्यांची छोटी झोपडी लक्षात राहिली, जेथे बसून ते संगीतरचना करीत.

यार्डमास्तर (भुसावळ):
ट्राम असेल तर मीही पुढच्या वेळी जाईन.