छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आधी यंत्राने वाचावा काय?

रावपुरेकर

छोटा उदेपूर, नसवाडी, कवांट या बाजूच्या माणसाच्या छातीत कळ आली, तर वडोदऱ्यातल्या कॅथलॅबपर्यंत, म्हणजे बंद रक्तवाहिनी नळी घालून उघडणाऱ्या केंद्रापर्यंत, पोहोचण्यासाठी त्याला सुमारे शंभर किलोमीटर यावे लागते, आणि हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असेल तर तेवढ्या वेळात हृदयाचा बराचसा स्नायू कायमचा निकामी होतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येत असले, तरी त्याचा मोठा लाभ पहिल्या दोन-तीन तासांतच मिळतो. ते देण्यासाठी कॅथलॅब लागत नाही. ईसीजीची पट्टी खात्रीने वाचणारा माणूस लागतो. तो माणूस रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यात हजर असेलच, याची हमी कोण देणार? म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की अशा प्रत्येक ठिकाणी न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीने) केलेले वाचन पहिले मानावे आणि त्यावरून उपचार सुरू करण्याची मुभा द्यावी.

ही कल्पना कालची नाही. सॅन दिएगोच्या विल्यम बॅक्स्ट यांनी १९९१ साली छातीत दुखते म्हणून आलेल्या ३३१ रुग्णांवर असे नेटवर्क तपासले. ईसीजीसोबत लक्षणे आणि पूर्वेतिहासही त्याला दिलेला होता. प्रत्यक्ष हृदयविकाराचा झटका आलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के रुग्ण त्याने ओळखले. डॉक्टरांनी ७८ टक्के. १९९७ साली स्वीडनमधील लुंड येथे केवळ बारा लीडच्या (हृदयाकडे बारा दिशांनी पाहणाऱ्या) ईसीजीवर शिकवलेल्या नेटवर्कने अनुभवी हृदयरोगतज्ज्ञालाही मागे टाकले. इतकी वर्षे आपण कशासाठी थांबलो आहोत?

डॉक्टर, फतेगंज

पहिले वाचन यंत्राने करण्यास माझी हरकत नाही. त्या वाचनावर इंजेक्शन देण्यास मात्र ठाम विरोध आहे, आणि त्यामागचे गणित मी मांडतो. समजा, छातीत दुखते म्हणून हजार माणसे आली आणि त्यांपैकी वीस जणांची रक्तवाहिनी खरोखर बंद आहे. यंत्र उत्तम आहे असे मानू: अशा दहांपैकी नऊ जणांना ते ओळखते आणि झटका नसलेल्या शंभरांपैकी पाचच जणांबाबत चुकते. तरीही वीसांपैकी अठरा सापडतील आणि उरलेल्या ९८० जणांतील एकोणपन्नास जणांवर खोटा शिक्का बसेल. या एकोणपन्नास जणांना गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे काय? त्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. महाधमनीचे अस्तर फाटलेला रुग्णही छाती धरूनच येतो, कधीकधी त्याचा ईसीजी हुबेहूब झटक्यासारखा दिसतो, आणि त्याला हे इंजेक्शन दिले तर तो बहुधा हाती लागत नाही.

दुसरा धोका मला अधिक मोठा वाटतो. झटका सुरू असतानाही पहिला ईसीजी निर्दोष येऊ शकतो. म्हणूनच आम्ही थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतो आणि रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन) काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासतो. यंत्राने वर ‘नॉर्मल’ असे छापले, की थकलेला डॉक्टर, नातेवाईक आणि स्वतः रुग्ण, तिघांनाही घरी जाण्याचे निमित्त मिळते.

मकरपुऱ्याचा अभियंता

डॉक्टरसाहेबांचे गणित बरोबर आहे, पण यंत्राला नेमके काय शिकवले आहे, यावर सारे अवलंबून आहे, आणि त्याबद्दल इथे अजून कोणीच बोललेले नाही. जर्मनीतील पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेच्या खुल्या ईसीजी-संग्रहावर असंख्य निबंध लिहिले गेले आहेत. त्यात २९० व्यक्तींचे ५४९ ईसीजी आहेत. १४८ जणांना झटका येऊन गेलेला, तर ५२ जण निरोगी. कित्येकांनी हे ईसीजी एकेका ठोक्यात तोडले आणि एकाच माणसाचे काही ठोके शिकवायला, काही परीक्षेला वापरले. यंत्राने माणूस ओळखला आणि लेखकांना वाटले की रोग ओळखला. ९९ टक्क्यांच्या घरातले कित्येक दावे असे जन्मले आहेत. शिवाय दवाखान्यात निरोगी विरुद्ध झटका असा सामना नसतो. तिथे उच्च रक्तदाबाने जाड झालेले हृदय असते, हृदयातील विद्युत्संदेश नेणारी डावी शाखा बंद पडलेली असते, हृदयावरणाची सूज असते; या सगळ्यांत ईसीजीच्या रेषेतला एसटी भाग, झटक्यात उचलला जातो तसाच, वर उचललेला दिसू शकतो.

तरीही मी यंत्राच्या बाजूचा आहे. डॉक्टरांनी केलेल्या वाचनावर शिकवलेले यंत्र डॉक्टरांच्याच चुका गिरवते, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिनी प्रत्यक्ष बंद दिसली की नाही, यावर शिकवलेले यंत्र वेगळ्या जातीचे असते. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका, किंवा २००८ साली नेदरलँड्समधील डॉक्टर डी विंटर यांनी दाखवलेला आकृतिबंध, ज्यात एसटी भाग वर जाण्याऐवजी खाली उतरतो आणि त्यानंतरची टी लहर उंच उभी राहते, हे एसटी किती मिलिमीटर उचलला एवढेच मोजणाऱ्या जुन्या नियमांतून निसटतात. अशा जागी नेटवर्कचा खरा उपयोग आहे.

ईसीजी तंत्रज्ञ (निवृत्त), मांजलपूर

आपण सर्वांनी पट्टी बरोबर निघाली असे गृहीत धरले आहे. व्ही-१ आणि व्ही-२ हे छातीवरचे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीत लावायचे असतात, पण घाईत ते सर्रास वर लागतात; डाव्या-उजव्या हाताच्या वायरी उलट झाल्या की हातापायांच्या लीडमधली आकृतीच फिरते. स्त्रियांच्या बाबतीत संकोचापोटी इलेक्ट्रोड कुठेही चिकटवले जातात. त्यांना आणि मधुमेही रुग्णांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. दम लागतो, घाम सुटतो, मळमळते, आणि ईसीजी काढावा असे कोणाला सुचतही नाही. काढलाच नाही तो ईसीजी कोणते यंत्र वाचणार? मशीन घेण्याआधी हात तयार करा.

रावपुरेकर

काका, हात तयार करण्याचा खर्च त्याच योजनेत धरावा, हे मला मान्य आहे. डॉक्टरसाहेब, तुमची तुलना मात्र तज्ज्ञ आणि यंत्र यांच्यात आहे. कवांटला ती यंत्र आणि कोणीच नाही यांच्यात असते. त्या एकोणपन्नास जणांना वडोदऱ्याला आणून तपासले तर काही रुपये आणि काही फेऱ्या वाया जातील. यंत्राने ‘नॉर्मल’ हा शब्द कधीच छापू नये. ‘ताबडतोब पाठवा’ किंवा ‘पंधरा मिनिटांनी पुन्हा काढा’ एवढेच छापावे. इंजेक्शनसाठी वडोदऱ्यातील तज्ज्ञाला फोन करावा. पण फोन लागलाच नाही, तर दहा मिनिटांनंतर तिथल्या एमबीबीएस डॉक्टरला यंत्राच्या भरवशावर इंजेक्शन देता आले पाहिजे. त्याला केवळ रुग्णवाहिकेची वाट पाहायला लावणे मला क्रूर वाटते.

डॉक्टर, फतेगंज

‘नॉर्मल’ न छापण्याची सूचना मी आजच उचलून धरतो. फोन न लागण्याच्या प्रसंगी मात्र यंत्राचा एकच इशारा मला पुरत नाही. पंधरा मिनिटांच्या अंतराने काढलेल्या दोन्ही ईसीजींत इशारा यावा, महाधमनी फाटल्याची शंका राहू नये म्हणून दोन्ही हातांचा रक्तदाब घेऊन त्यात मोठा फरक नसल्याची नोंद व्हावी, पूर्वीचा पक्षाघात, अलीकडील शस्त्रक्रिया आणि रक्तस्राव यांची विचारपूस लेखी असावी, आणि त्याखाली त्या डॉक्टरची सही असावी.

रावपुरेकर

बाकीचे सारे मान्य. पण पहिल्याच ईसीजीत एसटी भाग ढळढळीत उचललेला असेल, तर दुसऱ्यासाठी पंधरा मिनिटे थांबणे मला पटत नाही.