ठसाभेदाला संग्रहात स्वतंत्र जागा हवी, टांकणीच्या अपघाताला नको

ठसापारखी (धागाकर्ता)

एकाच सालाची, एकाच टांकसाळीची नाणी भिंगाखाली शेजारी ठेवली की फरक दिसायला लागतात. एकात सालाचे आकडे दुहेरी, दुसऱ्यात कडेपासून आत गेलेली उंच रेघ, तिसऱ्यात चित्र निम्मं नाण्याबाहेर. हल्ली हे सगळं एकाच पाकिटात भरतात आणि वर 'एरर' लिहून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही.

माझं मत असं की ठसाभेद, म्हणजे डाय व्हरायटी (नाण्यावर छाप मारणाऱ्या ठशातच असलेला फरक), हा संग्रहाचा गाभा आहे. त्याला अनुक्रमात स्वतंत्र जागा द्यावी. टांकताना झालेला अपघात फार तर कुतूहल म्हणून बाजूला ठेवावा.

कारण सांगतो. ठसाभेद ठशातच असतो, त्यामुळे त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तो त्याच जागी, त्याच मापाचा येतो. अमेरिकेचा 1955 चा दुहेरी ठशाचा सेंट बघा. त्या काळी हब, म्हणजे ठसा घडवायचा उठावदार साचा, ठशावर एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागे आणि मधे ठसा तापवून मऊ करत. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत दुसऱ्या दाबाच्या वेळी ठसा किंचित फिरलेला राहिला. परिणामी साल आणि पुढच्या बाजूचा सगळा मजकूर दुहेरी उमटला, साध्या डोळ्यांना दिसेल इतका. जगात कुणाकडेही ते नाणं असलं तरी आपण दोघं एकाच ठशाबद्दल बोलत असतो, आणि माझं नाणं तुमच्या नाण्याशी ताडून पाहता येतं.

टांकताना धातूची कोरी चकती सरकली आणि छाप बाजूला पडली, तर ते नाणं तेवढं एकच. त्याची तुलना कशाशी करणार?

कोरी चकती

पूर्ण असहमत. ठसापारखी, तुम्ही अपघाताला एकांडा म्हणून बाजूला सारताय, पण टांकसाळ आतून कशी चालते हे शिकवणारी नाणी हीच आहेत.

कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं घ्या. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, आधीच्या भोकावरच पुन्हा कातर पडली, म्हणून ती कोर. आता नाणं फिरवून कोरीच्या बरोबर समोरची कड बघा. खऱ्या नाण्यात तिथली कड दबलेली, जवळपास नाहीशी झालेली असते. टांकण्याआधी चकतीची कड उचलणारं यंत्र तिला दोन्ही बाजूंनी दाबतं. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. कुणी मागाहून कानस लावून कोर पाडली असेल तर समोरची कड तशीच ठणठणीत उभी राहते.

चकती कापणं, कड उचलणं आणि छाप मारणं, या तिन्ही पायऱ्या त्या एका कोरीत वाचता येतात. तुमच्या दुहेरी सालाच्या सेंटमध्ये यातलं काय दिसतं?

काठावरचा

वाद चांगला चाललाय, पण मुळात लोक ज्याला दुहेरी ठसा म्हणून मिरवतात त्यातलं बरंचसं दुहेरी ठसा नसतंच. छाप पडल्यावर सैल ठसा हलतो आणि नुकत्या उमटलेल्या अक्षराचा धातू बाजूला ढकलतो. त्याने अक्षराच्या कडेला पायरीसारखा सपाट, चकचकीत पट्टा दिसतो आणि मूळ अक्षर तेवढंच बारीक होतं. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही प्रती गोलसर आणि उठावदार असतात, अक्षर रुंद होतं आणि त्याच्या टोकाला खाच दिसते. दिवा एकाच जागी ठेवून नाणं सावकाश फिरवा, फरक कळतो.

कप्पे पाडण्याआधी एवढी एक गोष्ट सगळ्यांनी शिकावी ही कळकळीची विनंती. नवखे लोक बिनकामाच्या नाण्यांनी डबे भरतात, मग हिरमुसून छंदच सोडतात.

ठसापारखी

काठावरचा, शंभर टक्के सहमत.

कोरी चकती, तुमचं उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्याच बाजूने जातं असं मला वाटतं. कोरीची परीक्षा एकदा शिकलात की पुढचं प्रत्येक कोर पडलेलं नाणं तोच धडा पुन्हा सांगतं. ठशाचं तसं नाही. एका सालाच्या नाण्यांमागे कितीतरी ठसे असतात आणि प्रत्येकाचा तडा, घासणी, डाग निराळा. अमेरिकेच्या मॉर्गन डॉलर या चांदीच्या नाण्याच्या अभ्यासकांनी पुढच्या-मागच्या ठशांच्या जोड्यांना क्रमांक दिलेत. ते 'व्हॅम' नावाने ओळखले जातात, व्हॅन अ‍ॅलन आणि मॅलिस या दोघांच्या आडनावांवरून. नवं नाणं हातात आलं की ते त्या यादीत बसतं किंवा यादीत भर घालतं. असं बांधकाम अपघातांवर उभं राहत नाही.

मातीतली नाणी

मी प्राचीन नाण्यांकडे वळलेली, त्यामुळे थोडं लांबून बघते.

हाताने पाडलेल्या नाण्यांत एक ठसा ऐरणीत बसवलेला असे आणि दुसरा हातात धरून त्यावर घाव घालत. घाव सोसणारा वरचा ठसा लवकर फुटे. ऐरणीतला जास्त टिके, त्यामुळे एकाच खालच्या ठशाशी एकामागून एक वरचे ठसे जोडलेले सापडतात. या जोड्यांची साखळी लावली की ज्या नाण्यांवर साल नाही त्यांचाही क्रम लागतो. कुठलं आधी पाडलं, कुठलं नंतर, हे ठसाच सांगतो. म्हणून ठसाभेदाच्या बाजूने माझं मत ठाम आहे.

पण अपघाताला कमी लेखू नका. जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची छाप पुन्हा मारली होती. तो अपघात नव्हता, हे मान्य. तरी तिथे जे वाचायचं ते असंच प्रत्येक नाण्यावर निराळं पडलेलं. एखाद्यावर नहपानाचा चेहरा नव्या छापेखालून अर्धा डोकावतो, एखाद्यावर नुसती ग्रीक अक्षरांची ओळ उरते. वरची छाप नीट बसली असती तर खालचा राजा कळलाच नसता. एकेकट्या नाण्यातून इतिहास निघत नाही असं कसं म्हणता?

उलटसुलट

धागाकर्त्यांना एक प्रश्न. 2008 मध्ये ब्रिटनच्या वीस पेन्सचं चित्र बदललं आणि साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर आलं. काही नाणी जुना पुढचा ठसा आणि नवा मागचा ठसा अशा जोडीने पाडली गेली. दोन्हीकडे साल नाही! दोन्ही ठसे निर्दोष, चुकली फक्त जोडी. हे तुमच्या कुठल्या कप्प्यात?

ठसापारखी

माझ्याच. ती ठशांची जोडी आहे, पुन्हा पुन्हा उमटलेली, कुणालाही ताडून पाहता येणारी. कारण चूक असलं तरी हरकत नाही. माझी कसोटी एकच, दुसरं नाणं तसंच निघालं का?

कोरी चकती

मग अमेरिकेच्या 1943 च्या ब्राँझ सेंटचं काय करता? युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादावर पाडले. आदल्या वर्षाच्या काही ब्राँझ चकत्या टांकसाळीत राहून गेल्या आणि त्यांवरही 1943 उमटलं. ठसा नेहमीचाच, म्हणजे तुमच्या कसोटीने हे फक्त कुतूहल! शिवाय ही मोजकीच नाणी एकाहून जास्त टांकसाळींत निघाली, म्हणजे 'तसंच दुसरं' आहेच. नकली नाणीही त्यावर कितीतरी, तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी. लोहचुंबक धरला की ती चिकटतात. चकतीचा अभ्यास नसेल तर ही परीक्षा सुचणारही नाही.

आणि तीन पायांचा गवा? अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावरचा, 1937 चा, डेन्व्हरच्या टांकसाळीचा. ठशावरच्या खुणा काढायला तो इतका घासला की गव्याचा पुढचा पाय गेला. ठसा घडला तेव्हा पाय होता. म्हणजे एकाच ठशाची चार पायांची नाणी आधीची आणि तीन पायांची नंतरची. तुमचा ठसाभेद तरी स्थिर कुठे आहे?

ठसापारखी

ब्राँझ सेंटचा मुद्दा मान्य, तो माझ्या कसोटीत बसत नाही. चकतीच्या चुकांना वेगळं स्थान लागेल. पण सरकलेली छाप आणि दोनदा पडलेली छाप अजून बाहेरच.

तीन पायांच्या गव्याचं मात्र उलट आहे. ठशाच्या आयुष्यातल्या अवस्था नोंदवणं हेच तर मी म्हणतोय. 1922 च्या बिन-डीच्या सेंटमध्ये (डी ही डेन्व्हर टांकसाळीची खूण) हेच कामी आलं. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरला पाडले, म्हणजे प्रत्येकावर डी असायलाच हवा. पुढचा ठसा झिजून डी पुसट होत गेला अशी नाणी वेगळी, आणि डीचा मागमूस नसून मागची बाजू ठळक असलेली वेगळी. हे दुसरं एका ठराविक जोडीतूनच निघतं. मागची बाजूही पुसट असलेलं नाणं बिन-डी म्हणून दाखवलं, तर मी आधी नाणं तिरकं धरून डीच्या जागी उरलेला उंचवटा शोधतो.

कोरी चकती

शोधा, पण पाकिटावर 'झीज' असंही लिहा. कारण लिहिलंत की तुमची यादी आणि माझा कप्पा एकाच डब्यात ठेवता येतील. सरकलेल्या छापेवर मात्र मी मागे हटत नाही.