मदत हवी आहे: कॅबिनेटमध्ये तीन स्पीकर १६ ओहमचे, एक ८ चा. आधी गिटार ॲम्पचं हेड उघडू की हे निस्तरू?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात वापरलेलं १०० वॅटचं व्हॉल्व्ह (ट्यूब) हेड, म्हणजे स्पीकर नसलेला ॲम्प, आणि बारा इंची चार स्पीकरचं, मागून बंद असलेलं कॅबिनेट घेतलं. हेडमध्ये शेवटच्या पॉवर टप्प्याला चार ६एल६ ट्यूब, सुरुवातीच्या प्रीॲम्पला १२एएक्स७ ट्यूब. घेताना वाजवून पाहिलं तेव्हा खूश झालो होतो, पण तेव्हा गिटार विकणाऱ्याची होती आणि ट्यूनिंग साधं. घरी आणून माझी गिटार खालच्या बी पर्यंत उतरवली, पाम म्यूट (तळहाताने तार दाबून ठोके) मारले, आणि नुसता चिखल. जरा वेगात वाजवलं की पहिला ठोका संपायच्या आत दुसरा त्याच्या उरावर. गेन तीनवर आणला तरी तेच.

विकणारा म्हणाला होता की ॲम्प मॉड केलेला आहे. काय केलंय विचारलं तर "गेन वाढवलाय". आता फोन उचलत नाही.

माझ्या डोक्यात होतं की बायस (पॉवर ट्यूबमधून सतत वाहणारा करंट) वाढवावा आणि चारही स्पीकर काढून सेलेस्शनचे व्हिंटेज ३० टाकावेत. त्याआधी सहज कॅबिनेटच्या जॅकला मल्टिमीटर लावला. पाठीवर १६ ओहम लिहिलंय, मीटर १०.८ दाखवतो. पाठ उघडली (एवढे स्क्रू कशाला लागतात देव जाणे) तर तीन सेलेस्शन ग्रीनबॅक स्पीकर, प्रत्येकी २५ वॅट, १६ ओहम. चौथा कुठल्यातरी वेगळ्याच जातीचा, ८ ओहमचा. हेडचा, किती ओहमचं कॅबिनेट लावलंय ते निवडायचा स्विच १६ वरच होता. असं वाजवून आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वाट लावली का मी? आणि चिखलाचं कारण हेच का?

प्रतिसाद १

ट्रान्सफॉर्मरची चिंता सोडा. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, तो इम्पिडन्सपेक्षा (आवाज चालू असतानाचा विरोध, स्पीकरवर लिहिलेला आकडा) कमीच येतो. १६ चा स्पीकर साडेबाराच्या आसपास, ८ चा साडेसहाच्या. दोन-दोन सीरिजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल, असं वायरिंग धरलं तर एका जोडीचे २५, दुसरीचे १९, मिळून १०.८. तुमचा आकडा तंतोतंत जुळतो. इम्पिडन्सच्या हिशेबाने ३२ आणि २४ पॅरलल, म्हणजे १३.७ ओहम. १६ च्या टॅपला (ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीला) एवढा फरक किरकोळ आहे.

खरी भानगड वेगळी आहे. १०० वॅट सारखे वाटले जात नाहीयेत. १६-१६ च्या जोडीत प्रत्येकी साधारण २१ वॅट, ८ वाल्याला १९, आणि त्याच्या जोडीदार ग्रीनबॅकला ३८! तो २५ वॅटचा आहे. त्यात डिस्टॉर्शनमध्ये पॉवर सेक्शन दाबला की १०० वॅटचा ॲम्प १०० वर थांबत नाही. ८ वाल्याशी सीरिजमध्ये कोणता आहे ते वायर धरून शोधा, आणि दोन्ही हातांची बोटं कोनवर (स्पीकरच्या कागदी पडद्यावर) समोरासमोर ठेवून हलकेच आत ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेली म्हणून समजा.

चारही ग्रीनबॅक असते तरी मी या हेडला हे कॅबिनेट लावलं नसतं. चार गुणिले २५ म्हणजे कागदावर बरोबर १०० आणि हातात शिल्लक शून्य. खालच्या बी चा मूळ सूर ६२ हर्ट्झच्या आसपास, तिथे कोन सर्वात जास्त हलतो. व्हिंटेज ३० प्रत्येकी ६० वॅटचा, जी१२टी-७५ हा स्पीकर त्याहून जास्त. नुसते दोनच बदलणार असाल तर लक्षात घ्या, व्हिंटेज ३० ची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठा वाजतो ते) १०० डेसिबल आहे, तोच पुढे पुढे करणार.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण चिखल फक्त स्पीकरचा नसावा. "गेन वाढवलाय" याचा सर्वात आळशी अर्थ म्हणजे पहिल्या ट्यूबच्या कॅथोडला (ट्यूबच्या एका टोकाला) मोठा कपॅसिटर लावणे. गेन वाढतो, पण सोबत सगळा बासही आत घुसतो, आणि पुढच्या टप्प्यांत बास क्लिप झाला (लाट कापली जाऊन फाटला) की तुम्ही म्हणता तो चिखल. हाय-गेनचा मंत्र उलटा आहे: बास डिस्टॉर्शनच्या आधी कापायचा, नंतर पॉवर ॲम्पच्या रेझोनन्स (बास वाढवणाऱ्या) नॉबने परत द्यायचा. मार्शलच्या जुन्या सर्किटमध्ये कॅथोडच्या २.७ किलोओहम रेझिस्टरला ०.६८ मायक्रोफॅरॅडचा छोटा कपॅसिटर दिसतो तो बास कापण्यासाठीच.

हेड न उघडता खात्री करता येईल. ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावा, ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळपास पूर्ण. तो बास कापूनच पुढे पाठवतो. आवाज आवळला गेला तर रोग प्रीॲम्पमध्ये आहे.

बायसला हात लावू नका. ६एल६जीसी ट्यूब जास्तीत जास्त ३० वॅट उष्णता सोसते. प्लेटवर ४७० व्होल्ट असतील तर त्या ३० च्या ७० टक्क्यांनी प्रत्येकी ४५ मिलिॲम्पियर ही वरची मर्यादा. त्याने चिखल जाणार नाही, ट्यूब मात्र लवकर जातील. आणि हेड उघडायचंच झालं तर प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर बसलेले असू शकतात. रेझिस्टरने उतरवा, मीटरने बघा, मगच बोट घाला. हे वाचून जरा जरी धाकधूक झाली तर कारागिराकडे न्या, त्यात कमीपणा नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पेडल मित्राकडून आणला. ड्राइव्ह शून्यावर ठेवताच खालची तार एकदम सुटी ऐकू यायला लागली, इतकी की मी पिकिंग किती गचाळ करतो तेही कळलं. हेड कारागिराकडे दिलं. त्याने फोटो पाठवलाय: पहिल्या सॉकेटपाशी मूळच्या छोट्या कपॅसिटरच्या पाठीवर २२ मायक्रोफॅरॅडचा एक लठ्ठ इलेक्ट्रोलिटिक, पाय वाकवून, वरून डाग दिल्यासारखा सोल्डर. काढ म्हणालोय.

८ वाल्याचा जोडीदार उजवीकडे खालचा निघाला. कोन ढकलला की खर्र करतो. बाकीचे दोन ग्रीनबॅक गप्प आहेत, ते काढून ठेवतो. चार व्हिंटेज ३० मागवतोय, सगळे १६ ओहमचे. स्टिकर या वेळी स्वतः वाचून घेईन.