मदत हवी आहे: हवासूपाईला मूनी धबधब्याचा उतार
नमस्कार. फिनिक्सहून आम्ही सहा जण ऑक्टोबरमध्ये हवासूपाईला (ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनमधला धबधब्यांचा आदिवासी भाग) चाललोय. परमिट हातात आहे, कॅम्पग्राउंडवर तीन रात्री. हिलटॉपपासूनची (जिथे गाडी ठेवून पायवाट सुरू होते) कॅम्पपर्यंतची 10 मैलांची चाल सगळ्यांना जमेल. पाण्याचाही हिशोब झालाय, कॅम्पग्राउंडवरचा फर्न स्प्रिंग हा पिण्याच्या पाण्याचा झरा माहीत आहे.

अडलंय ते मूनी धबधब्यापाशी. त्याच्या पुढच्या बीव्हर फॉल्स या धबधब्याला जायचं तर त्या सुमारे 200 फुटी कड्यावरूनच उतरावं लागतं: आधी बोगदे, मग साखळ्या आणि तुषारांनी ओल्या झालेल्या शिड्या. माझ्या वहिनीला उंचीची भीती वाटते. फिनिक्समधल्या कॅमलबॅक डोंगराच्या इको कॅन्यन वाटेवर दोनदा सराव केला. कठडा धरून ती नीट चढली, उतरताना मात्र पाय लटपटले. तिला एकटीला कॅम्पवर सोडून जाणं मनाला पटत नाही, आणि जबरदस्ती तर मुळीच करायची नाही.

स्वतः उतरलेल्यांनी कृपया सांगा: ओल्या साखळीवर रबरी पकडीचे हातमोजे बरे की चामड्याचे? कंबरेला हार्नेस बांधून साखळीत अडकवत उतरणं तिथे खरंच जमतं का? आणि वर येणाऱ्यांची गर्दी टाळायला सकाळी किती वाजता उतरायला लागावं?