प्रवाळ म्हणजे नुसता दगड नव्हे
समुद्रातल्या प्रवाळाबद्दल कुणीतरी म्हणतं, ‘दगडच तो, त्यावर उभं राहिलं तर काय बिघडतं?’ बरंच बिघडतं हो! दगडासारखा दिसतो तो चुन्याचा सांगाडा. त्यावर सायीइतका पातळ थर असतो जिवंत प्राण्यांचा. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. बहुतेक अन्न तेच पुरवतं, रंगही बराचसा त्याचाच. पाणी फार तापलं की शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपला १९९८ मध्ये हेच घडलं. ती बेटं तर प्रवाळांवरच उभी आहेत, लाटांचा मारा तेच झेलतात! आपल्या मालवणलाही सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे. तिथे स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासनळी धरून, पाण्यावर तरंगत खाली बघणं) करताना कृपया पाय टेकवू नका, तुकडा तर मुळीच उचलू नका. बऱ्याच प्रकारांची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, आणि वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.