आमच्याकडं तिसरीचा ‘आपला जिल्हा’ चालू आहे, तुमच्याकडं काय?

विश्रामबागवाली
दिवाळीची सुट्टी संपली आणि लेकीच्या वर्गात सांगली जिल्ह्याचा नकाशा आला. काल ओट्यापाशी उभी राहून ती तालुके पाठ करत होती. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, खानापूर, वाळवा, शिराळा... भाकरी थापता थापता मीपण तिच्याबरोबर म्हणायला लागले. पस्तीस वर्षं होत आली, तरी तोंडात तोच क्रम! शिराळ्याला मी थांबले, ती थांबेना. “पलूस, कडेगाव! आई, तुझे दोन राहिले.” अगं, राहिले नाहीत, माझ्या वेळी नव्हतेच. आम्ही आठच पाठ केले.

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, “आमच्या वेळी सांगली जिल्हाच नव्हता. आम्ही दक्षिण सातारा लिहायचो.” लेकीला वाटलं आजोबा चेष्टा करतायत. मग त्यांनी ट्रंकेतून चौथीचा दाखला काढला. पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण ‘जि. दक्षिण सातारा’ स्वच्छ वाचता येतं. १९४९ ला तो जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली ठेवलं, एवढं मलाही तेव्हाच कळलं. भाकरी करपली ती वेगळीच.

तुमच्याकडं या महिन्यात काय चाललंय? आणि तुमचं तिसरी-चौथीचं काय आठवतंय?

अजिंक्यताऱ्याखाली
म्हणजे सांगली मूळची आमची सातारकरांचीच 😀

मिरजेचा तंबोरा
आले मालक! या, चहा घ्या. सातबारा आणलाय का?

तासगावचा बेदाणा
आम्हाला गेल्या वर्षी ‘धान्याने नकाशा भरा’ होतं. पोराचं काम म्हणजे बायकोचं आणि माझं. शिराळ्याला तांदूळ, जतला ज्वारी, मिरजेला हळद, आटपाडीला डाळिंबाचे दाणे. तासगावला अर्थातच बेदाणे, डिंकाने चिकटवले. रात्री टेबलावर ठेवला. सकाळी बघतो तर मुंग्यांनी तासगाव तालुका उचलून नेलेला, आटपाडीवर मोर्चा निघालेला. पोरगं रडतंय, रिक्षावाले काका खाली हॉर्न मारतायत. शेवटी तासगावला शेंगदाणे लावून पाठवला. बाईंनी ‘छान’ लिहिलं.

घाईतली आई
कुणाकडं दुसरीचं पोरगं आहे का? २२ बावीस म्हणायचं की वीस दोन? पुस्तक एक सांगतं, सासूबाई दुसरं. आमच्या घरात यावरून दोन दिवस अबोला आहे.

कराडचा घाट
आमच्या तिसरीतलं एकच आठवतं. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. गुरुजींनी फळ्यावर इंग्रजी टीसारखं काढलं, तरी मला पटेना, दोन नद्या एकमेकींच्या अंगावर कशा येतील? मग सगळ्या वर्गाला रांगेनं प्रीतिसंगमावर नेलं. बघितलं, पटलं. येताना एकाची चप्पल कोयनेत गेली. गुरुजी म्हणाले, आता ती कृष्णेची झाली.

साताऱ्याची सून
आमचा चौथीत. नोव्हेंबर म्हटलं की घरात प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख त्याला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्की. २०२४ ला लंडनहून वाघनखं इथल्या संग्रहालयात आली तेव्हा दाखवून आणलं होतं, तेव्हापासून माझे काटेचमचे सुरक्षित नाहीत. धाकट्या बहिणीला कायम अफजलखान करतो, ती आता मिठी मारायलाच तयार नाही.
७ तारखेला विद्यार्थी दिवस पण झाला. बाबासाहेबांचं ‘भिवा’ हे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं तो १९०० सालचा दिवस. भाषण पाठ मी केलं, म्हणताना तो ‘भिवा’पर्यंत आला आणि पुढचं विसरला. म्हणे, भिवा म्हटलं की मला वर्गातला भिवाच आठवतो.

पाटणकडचा
आमच्याकडं कोयना धरणाचा धडा मोठ्यानं वाचायचा नाही. आजी उठून आत जायची. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा भूकंप. तिचा धाकटा भाऊ. बस, एवढंच.

विश्रामबागवाली
@पाटणकडचा 🙏

तिसरीच्या बाई (वाळवा तालुका)
मधल्या सुट्टीत लिहितेय, चुका समजून घ्या.
कारखाने सुरू झाले की माझ्या वर्गात पाच-सहा पोरं वाढतात. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली, बहुतेक बीडकडची. परिसर अभ्यासाचं तिसरीचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं. यंदा एक पोरगी आली, तिच्या दप्तरात बीड जिल्ह्याचं. मी फळ्यावर सांगली काढून म्हटलं, सगळ्यांनी नकाशात आपलं घर दाखवा. ती उभी राहिली आणि म्हणाली, “कंचं घर, बाई?”
मला काही सुचेना. घंटा झाली म्हणून वाचले.
दुसऱ्या दिवशी तिच्याच पुस्तकावरून बीडचा नकाशा काढून सांगलीच्या शेजारी लावला. आता आमची पोरं गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर घोकतात आणि ती पलूस-कडेगाव. तिला इथले बरेच रस्ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, कुठल्या शिवारातला ऊस कधी तुटला त्यावरून सांगते. परीक्षेत बीड कोण विचारणार नाही, पण असू दे. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ती जाईल.
घंटा झाली.

मिरजेचा तंबोरा
बाई, तुमच्या वर्गात बसायला यायला पाहिजे.

अजिंक्यताऱ्याखाली
आमच्या वर्गातपण यायची अशी पोरं. एकाचं नाव मला अजून आठवत नाही, त्याची गोफण मात्र आठवते. मी दोन पेन्सिली देऊन घेतली होती. मार्चनंतर त्याचा बाक रिकामा. आम्ही त्यावर दप्तरं ठेवायचो.

तासगावचा बेदाणा
@तिसरीच्या बाई शनिवारी इस्लामपूरला येतोय. शाळा कुठली ते मेसेज करा, नकाशाच्या वह्या आणि रंगपेट्या देऊन जातो. बेदाणेपण आणतो. मुंग्यांचं तुम्ही बघा.

विश्रामबागवाली
सासऱ्यांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणतात, दाखल्याचा फोटो टाक, त्या साताऱ्यावाल्याला दाखव. बरं, तो प्लॅस्टिकमध्ये घालून घ्यायचा तर चौकात कुठं होईल? घडीवर अजून फाटायला लागलाय.

घाईतली आई
माझ्या २२ चं कुणी सांगितलंच नाही.